आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था : स्थलांतराच्या अभ्यासाची वाटचाल

मुंबईतील देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ही लोकसंख्याशास्त्राचे अध्यापन, प्रशिक्षण आणि संशोधन यांना वाहिलेली देशातील प्रमुख संस्था आहे. जुलै १९५६ मध्ये ‘डेमोग्राफिक ट्रेनिंग अँड रिसर्च सेंटर’ या नावाने तिचे काम सुरू झाले. जुलै २०२६ मध्ये या कामाला सत्तर वर्षे पूर्ण होतात. कोणत्याही प्रदेशाची लोकसंख्या तीन कारणांनी बदलते : जन्म, मृत्यू आणि स्थलांतर. जन्म आणि मृत्यू माणसाच्या आयुष्यात एकेकदाच घडतात. स्थलांतर अनेकदा घडते, उलट दिशेनेही घडते आणि पुष्कळदा कोणत्याच दप्तरात उतरत नाही. म्हणून तिन्हींमध्ये ते मोजायला सर्वांत अवघड. माणूस जन्मला कुठे, याआधी राहत होता कुठे आणि इथे आला कशासाठी, या तीन प्रश्नांची उत्तरे अधिकाधिक नेमकी मिळवण्याचा दीर्घ प्रयत्न संस्थेच्या वाटचालीतून दिसतो.

स्थापना

१९५१ च्या जनगणनेत भारताची लोकसंख्या सुमारे ३६ कोटी भरली. १९५२ मध्ये सरकारी पातळीवर कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेणारा भारत हा जगातील पहिला देश ठरला. पंचवार्षिक योजना आखणाऱ्यांना शाळा, दवाखाने, धान्य आणि रोजगार यांचे अंदाज हवे होते. ते अंदाज बांधणारी प्रशिक्षित माणसे मात्र देशात फारच थोडी होती. १९५४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने रोम येथे जागतिक लोकसंख्या परिषद भरली. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांमध्ये लोकसंख्याशास्त्राचे शिक्षण देणारी केंद्रे असावीत, हा विचार त्या काळात बळावला. मुंबईचे केंद्र अशा प्रादेशिक केंद्रांपैकी आरंभीचे. पाठोपाठ १९५७ मध्ये चिलीतील सान्तियागो येथे आणि १९६३ मध्ये कैरो येथे अशीच केंद्रे उभी राहिली.

मुंबईच्या केंद्रामागे भारत सरकार, संयुक्त राष्ट्रे आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट असे तिघे होते. टाटांच्या उद्योगाशी नागपूरचे नाते जुने आहे. जमशेदजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली, आणि खेड्यातली माणसे पगारी कामासाठी शहरात येऊन राहण्याचा विदर्भातील एक मोठा अध्याय या गिरणीबरोबर सुरू झाला. योगायोग असा की, केंद्र स्थापन झाले त्याच वर्षी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेमुळे नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी राहिले नाही आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. कुटुंब जागेवरच होते. राज्याची सीमा मात्र हलली. जन्मस्थानाच्या तक्त्यांत अशा बदलाचा हिशेब कसा ठेवायचा, हा प्रश्न पुढे स्थलांतराच्या प्रत्येक अभ्यासकाला सोडवावा लागला.

भारतासह आशिया व प्रशांत महासागर विभागातील देशांच्या शासकीय सेवेतील आणि विद्यापीठांतील माणसांना केंद्रात प्रशिक्षण मिळे. पुढे आफ्रिकेतील विद्यार्थीही येऊ लागले. जनगणनेचे तक्ते वाचणे, आयुर्मान सारणी तयार करणे, जन्ममृत्यूच्या अपुऱ्या नोंदींतून खरा दर काढणे, पुढील दहा-वीस वर्षांच्या लोकसंख्येचा अंदाज बांधणे, हा या शिक्षणाचा गाभा होता. परतलेले विद्यार्थी आपापल्या देशाच्या सांख्यिकी खात्यांत, नियोजन मंडळांत आणि आरोग्य विभागांत गेले. अनेक देशांच्या जनगणनांशी संस्थेचे नाव जोडले गेले ते यामुळे.

युरोपातील आरंभ

स्थलांतराच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाची सुरुवात युरोपात झाली, आणि तीही स्वतः स्थलांतर केलेल्या एका माणसाच्या हातून. एर्न्स्ट गेओर्ग राव्हेनश्टाइन हे १८३४ मध्ये फ्रँकफुर्टला जन्मले आणि तरुणपणी इंग्लंडला जाऊन तिथेच स्थायिक झाले. नकाशे तयार करणे हा त्यांचा व्यवसाय. १८८१ च्या ब्रिटिश जनगणनेतील जन्मस्थानाचे तक्ते नकाशांवर मांडून त्यांनी १८८५ मध्ये लंडनच्या सांख्यिकी सोसायटीपुढे ‘स्थलांतराचे नियम’ हा निबंध सादर केला. १८८९ मध्ये इतर देशांची आकडेवारी घेऊन त्यांनी त्याचा दुसरा भाग लिहिला. बहुतेक माणसे जवळच्या अंतरावरच जातात. शहरालगतची माणसे शहरात शिरतात आणि त्यांची जागा अधिक दुरून आलेली माणसे घेतात. जाणाऱ्यांच्या प्रत्येक प्रवाहासोबत परतणाऱ्यांचाही एक प्रवाह असतो. थोड्या अंतराच्या स्थलांतरात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक असतात. ही त्यांची प्रमुख निरीक्षणे.

भारतात सर्वत्र एकाच वेळी झालेली पहिली जनगणना १८८१ चीच, आणि तिच्यातही जन्मस्थान विचारले गेले होते. म्हणजे माहिती दोन्हीकडे एकाच काळात जमा झाली. तिचे विश्लेषण मात्र भारतात दीर्घकाळ तुरळक राहिले. जनगणना आयुक्तांच्या अहवालांत स्थलांतरावर प्रकरणे असत. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ किंग्जली डेव्हिस यांनी १९५१ मध्ये भारत व पाकिस्तानच्या लोकसंख्येवरील आपल्या ग्रंथात या विषयाचा विस्ताराने विचार केला. जिल्ह्यागणिक आणि वयोगटागणिक हिशेब मांडण्याचे काम मुंबईच्या केंद्रात व्हायचे होते.

पहिल्या दशकातील संशोधन

केंद्राच्या आरंभीच्या संचालकांपैकी सी. चंद्रशेखरन हे संख्याशास्त्रज्ञ म्हणून आधीच नावाजलेले होते. डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग यांच्याबरोबर १९४९ मध्ये त्यांनी मांडलेली पद्धत आजही जगभर शिकवली जाते. एकाच गावातील जन्ममृत्यूंच्या दोन स्वतंत्र याद्या घ्यायच्या, एक निबंधकाच्या दप्तरातील आणि दुसरी घरोघर फिरून केलेली. दोन्ही याद्या नावागणिक ताडून पाहायच्या. दोन्हींत सापडलेल्या, फक्त एकीतच सापडलेल्या आणि दुसरीतून निसटलेल्या घटनांच्या संख्येवरून दोन्ही याद्यांतून सुटलेल्या घटनांचाही अंदाज बांधता येतो. कागदावर न आलेला माणूसही हिशेबात धरलाच पाहिजे, ही दृष्टी केंद्राला अशी आरंभापासूनच लाभली.

स्थलांतराच्या अभ्यासाचा पाया के. सी. झकारिया यांनी घातला. भारतीय उपखंडातील १९०१ ते १९३१ या काळातील अंतर्गत स्थलांतरावरचा त्यांचा ग्रंथ १९६४ मध्ये केंद्राच्या संशोधनमालेत प्रसिद्ध झाला. अभ्यास १९३१ पाशी थांबवावा लागला, कारण महायुद्धामुळे १९४१ च्या जनगणनेचे तक्ते नेहमीसारखे पूर्ण झाले नव्हते.

झकारियांपुढची अडचण मोठी होती. कोण कधी आले आणि कोण कधी गेले, याची नोंद जुन्या जनगणनांत नव्हती. म्हणून त्यांनी हयातीच्या प्रमाणाची पद्धत वापरली. समजा, १९०१ मध्ये एखाद्या जिल्ह्यात १० ते १४ वयाचे १०,००० मुलगे होते. हेच मुलगे १९११ मध्ये २० ते २४ या वयोगटात सापडायला हवेत. संपूर्ण देशात त्या वयाच्या शंभरांपैकी ९० जण दहा वर्षांनंतर हयात आढळले, तर या जिल्ह्यात ९,००० तरुण अपेक्षित धरायचे. प्रत्यक्ष मोजणीत ७,५०० च आढळले, तर १,५०० तरुण दहा वर्षांत जिल्हा सोडून गेले असा निष्कर्ष निघतो. गेलेल्यांना कोणीही विचारलेले नसते. मागे राहिलेल्यांच्या संख्येतून ते उमगतात. प्रत्येक प्रांत, प्रत्येक वयोगट आणि स्त्री-पुरुष यांसाठी हे गणित वेगवेगळे करायचे, आणि वय सांगताना लोक ० किंवा ५ वर संपणारा आकडा सांगतात त्याची दुरुस्तीही करायची. हे सारे काम संगणक सर्रास उपलब्ध होण्यापूर्वीचे आहे.

या गणितातून उपखंडाचे एक स्पष्ट चित्र उभे राहिले. चहाच्या मळ्यांमुळे आसाम, कलकत्त्याच्या ताग गिरण्यांमुळे बंगाल आणि कापड गिरण्यांमुळे मुंबई माणसे ओढून घेत होती. बिहार आणि संयुक्त प्रांत माणसे देत होते. मद्रास इलाख्यातील माणसे ब्रह्मदेश, सिलोन आणि मलायापर्यंत जात होती.

१९६८ मध्ये झकारियांचा बृहन्मुंबईतील स्थलांतरितांवरील ग्रंथ आला. त्याला १९६१ च्या जनगणनेतील विशेष तक्त्यांचा आधार होता. बृहन्मुंबईची लोकसंख्या तेव्हा सुमारे ४१.५ लाख होती, आणि तिच्यातील जवळपास दोन-तृतीयांश माणसे शहराबाहेर जन्मलेली होती. हजार पुरुषांमागे ६६३ स्त्रिया हे त्या वर्षीचे प्रमाण. या एका आकड्यात गिरणगावचे सारे जीवन आहे. रत्नागिरीच्या एखाद्या गावच्या दहा-पंधरा जणांनी मिळून चाळीत घेतलेली खोली, पाळ्यांप्रमाणे एकाच वळकटीवर आळीपाळीने झोपणारे कामगार, खानावळवालीकडे महिन्याचे जेवण, आणि गणपती-शिमग्याला घेऊन जायचे मनीऑर्डरीतून उरलेले पैसे. बायकामुले गावी शेती सांभाळत, म्हणून शहरातील स्त्रियांची संख्या कमी. झकारियांनी पुढे जागतिक बँकेत काम केले. केरळला परतल्यावर १९९८ मध्ये तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमधून सहकाऱ्यांसह केरळ स्थलांतर सर्वेक्षण सुरू करणारे अभ्यासक हेच. आखाती देशांत गेलेल्यांची मोजणी त्यांच्या मागे राहिलेल्या घरांतून करण्याची ही पद्धत आता इतर राज्यांसाठीही आदर्श मानली जाते.

नामांतर आणि विस्तार

१९७० मध्ये केंद्राचे नाव ‘इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन स्टडीज’ असे झाले. विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम ३ अन्वये १९ ऑगस्ट १९८५ रोजी संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, आणि त्याच वर्षी ‘इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट फॉर पॉप्युलेशन सायन्सेस’ हे आजचे नाव रूढ झाले. पदव्युत्तर पदव्या आणि पीएच. डी. स्वतः देण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला. संस्था केंद्रीय आरोग्य व कुटुंब कल्याण मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. प्रजनन, सार्वजनिक आरोग्य, लोकसंख्या धोरण, सांख्यिकी अशा विषयांबरोबर स्थलांतर व नागरी अभ्यास हा तिचा एक स्वतंत्र विभाग बनला. आर. बी. भगत यांनी या विभागातून अंतर्गत स्थलांतर, नागरीकरण आणि स्थलांतरितांचे हक्क यांवर सातत्याने लेखन केले. संस्थेने मध्य गंगा खोऱ्यातून होणाऱ्या बहिर्गमनाची कारणे व परिणाम यांचाही स्वतंत्र अभ्यास हाती घेतला. मुंबई, पुणे किंवा नागपूरच्या बांधकामांवर भेटणारा तरुण मागे कसले घर आणि कसली शेती सोडून येतो, याचे उत्तर अशा अभ्यासांतून मिळते.

तीन प्रश्न

संस्थेत शिकवल्या जाणाऱ्या स्थलांतराच्या अभ्यासाचा मुख्य आधार जनगणना हाच राहिला. तिच्या प्रश्नावलीत दर दशकाला भर पडत गेली. १९६१ मध्ये जन्मस्थानाबरोबरच ते खेडे होते की शहर, आणि इथे राहून किती काळ झाला, हे विचारले गेले. १९७१ मध्ये याआधीचे राहण्याचे ठिकाण हा प्रश्न आला. नोकरी, शिक्षण, कुटुंबासोबत येणे, विवाह आणि इतर अशी स्थलांतराची कारणे १९८१ मध्ये प्रथम नोंदवली गेली. प्रत्येक नव्या प्रश्नाने आधीच्या उत्तरांतील एकेक उणीव भरून काढली. बाळंतपणासाठी आई माहेरी गेली आणि मूल आजोळी जन्मले, तर केवळ जन्मस्थान पाहता ते मूल जन्मभर स्थलांतरित ठरते. आधीचे ठिकाण विचारल्यावर हा घोळ बराच कमी होतो.

आधीच्या वास्तव्याच्या निकषावर २००१ मध्ये भारतात सुमारे ३१.४ कोटी माणसे स्थलांतरित होती. २०११ मध्ये ही संख्या ४५ कोटींच्या पुढे गेली, म्हणजे दर तिघांमागे एकाहून अधिक. त्यांतील मोठा वाटा स्त्रियांचा आहे, आणि सर्वांत मोठे कारण विवाह. राव्हेनश्टाइन यांनी विलायतेत पाहिलेला स्त्रियांच्या अल्प अंतराच्या स्थलांतराचा नियम भारतात लग्न होऊन सासरी जाण्याच्या रूपाने कित्येक पटींनी ठळक दिसतो. विवाह हे कारण नोंदले की त्या स्त्रीचे पुढचे कष्ट मात्र तक्त्याबाहेर राहतात. सासरी येऊन शेतमजुरी करणारी, विडी वळणारी किंवा शाळेत शिकवणारी स्त्री कारणांच्या रकान्यात नवविवाहिताच राहते. या उणिवेकडे स्थलांतराच्या अभ्यासकांनी वारंवार लक्ष वेधले आहे.

दुसरी उणीव हंगामी स्थलांतराची. मराठवाड्यातील ऊसतोड कामगार दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळीने घर सोडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि गाळप संपेपर्यंत मुक्काम कारखान्याच्या परिसरातील कोप्यांत. जनगणनेची मोजणी फेब्रुवारीत होते, म्हणजे ऐन हंगामात. मोजणीच्या पूर्ण काळात घरी नसलेल्यांची नोंद ते जिथे सापडतील तिथे करावी, असा नियम आहे. त्यामुळे बीडची माणसे कोल्हापूर-साताऱ्याच्या यादीत येतात आणि गावी कुलूप लावलेले घर राहते. मोजणी जून-जुलैत झाली असती, तर याच माणसांच्या स्थलांतराचा मागमूसही लागला नसता. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने या प्रकाराची वेगळी व्याख्या केली. १९९९-२००० मधील ५५ व्या फेरीत कामासाठी किमान ६० दिवस, पण सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर राहिलेल्यांना अल्पकालीन स्थलांतरित धरले. २००७-०८ मधील ६४ व्या फेरीत किमान काळाची मर्यादा एक महिन्यावर आणली. हंगाम सहा महिन्यांच्या पलीकडे लांबला, तर ऊसतोड जोडपे या व्याख्येतूनही निसटते.

सर्वेक्षणे आणि नागपूर

१९९२-९३ पासून संस्थेचे नाव राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाशी कायमचे जोडले गेले. पहिल्या फेरीत सुमारे ९० हजार विवाहित स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. पुढे १९९८-९९, २००५-०६ आणि २०१५-१६ या फेऱ्या झाल्या. २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत ७०७ जिल्ह्यांतील सुमारे ६.३७ लाख घरे, ७.२४ लाख स्त्रिया आणि १.०२ लाख पुरुष होते. हे सर्वेक्षण प्रामुख्याने माता-बालकांच्या आरोग्याचे. तरीही त्यात एक प्रश्न असतो : या ठिकाणी सलग किती वर्षे राहत आहात? नव्याने आलेल्या स्त्रीला गरोदरपणात तपासणी मिळाली का, तिच्या मुलाला लस मिळाली का, आणि जुन्या रहिवाशांशी तुलना करता ती कुठे मागे पडते, हे या एका प्रश्नामुळे तपासता येते.

तिसऱ्या फेरीत आठ शहरांतील झोपडपट्टी आणि बिगर-झोपडपट्टी वस्त्यांचे वेगळे नमुने घेतले गेले. मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, हैदराबाद, इंदूर आणि मेरठ यांच्यासोबत नागपूर हे आठवे शहर होते. वस्ती झोपडपट्टी आहे की नाही, हे दोन प्रकारे ठरवले गेले : २००१ च्या जनगणनेतील नोंदीवरून आणि पर्यवेक्षकाने प्रत्यक्ष पाहून. दोन्ही नोंदी प्रत्येक वेळी जुळल्या नाहीत. अधिकृत यादीत नसलेल्या वस्तीतही तेवढीच गरिबी असू शकते, आणि यादीतील वस्तीत पक्की घरेही असू शकतात, हे त्यातून पुढे आले. नागपूरच्या आरोग्यनियोजनासाठी शहरांतर्गत फरक दाखवणारी ही मोलाची सामग्री ठरली.

मिहान : तीन प्रश्नांची कसोटी

संस्थेतील अभ्यासपद्धती प्रत्यक्ष भूमीवर कुठे पोहोचते आणि कुठे अडते, हे नागपूरच्या दक्षिणेकडील मिहान परिसरात स्पष्ट दिसते. मिहान हा बहुविध मालवाहतूक केंद्र, आंतरराष्ट्रीय विमानतळ आणि विशेष आर्थिक क्षेत्र यांचा एकत्रित प्रकल्प आहे. २००२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे त्याची जबाबदारी आहे. वर्धा मार्गालगत चार हजार हेक्टरांहून अधिक जमिनीवर त्याची आखणी झाली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव या गावांची शेते आणि काही गावठाणे त्यात आली. आज तिथे माहिती तंत्रज्ञान कंपन्या, बोइंगने उभारलेले एअर इंडियाचे विमानदुरुस्ती केंद्र आणि फ्रान्सच्या दासो कंपनीच्या भागीदारीतील विमानांचे सुटे भाग बनवणारा कारखाना आहे. भारतीय व्यवस्थापन संस्थेच्या आवाराचे उद्घाटन ८ मे २०२२ रोजी आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. मार्च २०१९ पासून मेट्रो सीताबर्डीहून खापरीपर्यंत धावते.

या परिसरातील कुटुंबांना तीन प्रश्न विचारले, तर उत्तरांचे चार ठळक प्रकार मिळतात. पहिला प्रकार संगणक अभियंत्याचा : जन्म नांदेडचा, आधीचे ठिकाण पुणे, कारण नोकरी. त्याची पत्नीही त्याच परिसरात नोकरी करते. पण कारणांच्या रकान्यात तिच्यासमोर ‘कुटुंबासोबत’ लिहिले जाते, कारण एकच कारण नोंदवायचे असते. दुसरा प्रकार रुग्णालयातील परिचारिकेचा : ती राजस्थानातून किंवा केरळातून आलेली असते, राज्याची सीमा ओलांडलेली असते, आणि मोजणीत ती नेमकी येते. तिसरा प्रकार बांधकामावरील छत्तीसगढी जोडप्याचा : पत्र्याच्या शेडमध्ये मुक्काम, सोबत लहान मूल, आणि धानाच्या रोवणीला गावी परत. त्यांचे रेशनकार्ड, मतदान आणि मुलाचे नाव असलेली शाळा गावीच. मोजणी कोणत्या महिन्यात होते, यावर त्यांचे दिसणे अवलंबून.

चौथा प्रकार प्रकल्पग्रस्ताचा. शिवणगावच्या कुटुंबांसाठी चिंचभुवन येथे पुनर्वसन वसाहत उभी राहिली. अंतर थोडे, पण बदल संपूर्ण : शेतीऐवजी भूखंड, गोठ्याऐवजी गाळा, पारावरच्या गावाऐवजी रस्त्यांचे क्रमांक. जनगणनेत स्थलांतर ठरण्यासाठी गावाची किंवा शहराची हद्द ओलांडावी लागते. जुने आणि नवे घर एकाच महानगरपालिकेच्या हद्दीत असेल, तर हे कुटुंब जनगणनेच्या लेखी हललेलेच नसते. हद्द ओलांडली, तरी २०११ च्या कारणांच्या यादीत विस्थापन नव्हते. उत्तर ‘कुटुंबासोबत’ किंवा ‘इतर’ यांत विरघळून जाते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ६४ व्या फेरीत मात्र ‘विकास प्रकल्पामुळे विस्थापन’ हे कारण स्वतंत्रपणे नोंदवण्याची सोय होती. म्हणजे प्रश्न नीट विचारता येतो, हे सिद्ध झालेले आहे. महाराष्ट्रात या कामाची परंपराही आहे. कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्यांचे सर्वेक्षण इरावती कर्वे यांनी जय निंबकर यांच्यासह केले आणि डेक्कन कॉलेजने ते १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. धरणग्रस्तांच्या बाबतीत जे केले गेले, ते विमानतळग्रस्तांच्या आणि महामार्गग्रस्तांच्या बाबतीतही व्हायला हवे.

युरोपातील समकालीन अभ्यास

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातही स्थलांतराचे चित्र पालटले. १९४८ मध्ये ‘एम्पायर विंडरश’ जहाजाने कॅरिबियन बेटांवरील माणसे ब्रिटनमध्ये उतरली. पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी कामगारभरतीचे करार केले. ठरावीक काळासाठी बोलावलेले कामगार स्थायिक झाले, त्यांची मुले तिथल्याच शाळांत शिकली, आणि संशोधकांपुढे नवे प्रश्न आले : भाषा, शिक्षण, रोजगारातील भेदभाव, नागरिकत्व, धर्म. ब्रिटनने १९९१ च्या जनगणनेत प्रथम वांशिक गटाचा प्रश्न विचारला. फ्रान्सच्या जनगणनेत असा प्रश्न विचारलाच जात नाही. नेदरलँड्स आणि स्वीडनमध्ये प्रत्येक रहिवाशाची कायम नोंदवही असल्याने पत्ता बदलला की नोंदही बदलते. देशोदेशींच्या या वेगळेपणामुळे तुलना अवघड होई, म्हणून युरोपीय संघाने २००७ मध्ये स्थलांतराच्या आकडेवारीसाठी समान व्याख्यांचा नियम केला.

संशोधनाची घडीही अशीच बसत गेली. २००४ मध्ये युरोपीय आयोगाच्या अर्थसाहाय्याने ‘इमिस्को’ हे संशोधन संस्थांचे जाळे सुरू झाले. ॲमस्टरडॅम विद्यापीठातील रिनुस पेनिंक्स त्याचे समन्वयक होते. आयोगाचे अर्थसाहाय्य संपल्यावर सदस्य संस्थांनी स्वतःच्या बळावर ते पुढे चालवले. वार्षिक परिषदा, ग्रंथमाला आणि तरुण संशोधकांचे प्रशिक्षण हे त्याचे मुख्य काम. २००७ मध्ये स्टीव्हन व्हर्टोव्हेक यांनी ‘अतिविविधता’ ही संकल्पना मांडली. एकाच देशातून आलेल्यांमध्येही कायदेशीर दर्जा, वय, शिक्षण आणि कामाचे स्वरूप यांमुळे मोठे अंतर असते, हे त्यांनी लंडनच्या उदाहरणावरून दाखवले. जर्मनीतील ग्योटिंगेन येथील माक्स प्लांक संस्थेत हा अभ्यास पुढे गेला.

देवनारच्या संस्थेचे बळ मोजणीत आहे. युरोपीय संस्थांचे बळ आलेल्यांच्या पुढच्या आयुष्याचा मागोवा घेण्यात. युरोपात हा विषय प्रामुख्याने परदेशातून आलेल्यांचा आहे. भारतात तो बहुतांशी देशातल्या देशातच हलणाऱ्यांचा आहे. पण ओडिशाहून किंवा तेलंगणातून नागपूरला आलेल्या कुटुंबाला शाळा, दवाखाना आणि भाषा यांबाबत येणाऱ्या अडचणी युरोपातील एका देशातून दुसऱ्या देशात गेलेल्या कुटुंबासारख्याच असतात. नागरिकत्वाचा प्रश्न तेवढा त्यांना नसतो. मराठी शाळेत बसलेले छत्तीसगढी मूल दुसऱ्या वर्षी कुठे असते, याचा मागोवा घेण्याची युरोपीय पद्धत भारतीय मोजणीला जोडली, तर दोन्ही परंपरांचा लाभ मिळेल.

२०२० आणि पुढे

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि महानगरांतील मजूर पायी गावांकडे निघाले. दक्षिणोत्तर राष्ट्रीय महामार्ग मिहानला लागूनच जातो. हैदराबादकडून मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश आणि बिहारकडे निघालेल्यांचे जथे वर्धा मार्गाने नागपुरातून पुढे गेले. १ मेपासून श्रमिक विशेष गाड्या सुटू लागल्या. किती माणसे, कुठून आणि कुठे, याचे तयार उत्तर शासनाकडे नव्हते. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीने रेल्वेच्या आरक्षणाविना प्रवासाच्या आकड्यांवरून वर्षाला सुमारे ९० लाख माणसे कामासाठी राज्याबाहेर जातात असा अंदाज बांधला होता. जनगणनेच्या अंदाजापेक्षा तो कितीतरी मोठा होता. २०२०-२१ च्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणात स्थलांतराचे प्रश्न घातले गेले आणि स्थलांतरितांचे प्रमाण २८.९ टक्के आढळले. ऑगस्ट २०२१ मध्ये असंघटित कामगारांसाठी ई-श्रम नोंदणी सुरू झाली. संस्थेच्या पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे कामही टाळेबंदीमुळे मध्येच थांबून पुन्हा सुरू करावे लागले.

२०२१ ची लांबलेली जनगणना आता १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकावर होणार असल्याची अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. सोळा वर्षांच्या खंडानंतर स्थलांतराचे नवे तक्ते हाती येतील, आणि त्यांचे विश्लेषण करणाऱ्यांची नवी पिढी देवनारला तयार होत आहे. तिच्यासमोरची कामे ठरलेली आहेत : हंगामी मजुरांची वर्षभर पुरणारी व्याख्या, स्त्रियांच्या स्थलांतरात विवाहाबरोबर कामाचीही नोंद, विस्थापनाला कारणांच्या यादीत स्वतंत्र जागा, आणि एकाच शहरात हलवलेल्या कुटुंबांची मोजणी. परप्रांतीय, उपरे, बाहेरचे अशा शब्दांत होणारा वाद आकड्यांच्या आधारावर आणण्याचे काम गेल्या सात दशकांत या संस्थेने केले आहे. ज्यांची नोंद होते त्यांच्यासाठी धान्याचा कोटा, शाळेची तुकडी आणि लसीचा साठा ठरतो. म्हणून राहिलेल्यांची नोंद पूर्ण करणे हे संस्थेचे पुढील दशकातील मुख्य कर्तव्य आहे.